१९ वर्षांखालील महिलांचा बास्केटबॉल विश्वचषक : पदकतालिका कशी वाचावी?

खेळाचा इतिहास म्हटला की आपण बहुधा विजेत्यांची यादी पाठ करतो. वर्ष, ठिकाण, विजेता. परीक्षेपुरते काम भागते. या पाठात आपण अशीच एक यादी घेणार आहोत, पण तिला एक प्रश्न विचारणार आहोत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींनी जिंकलेले पदक नेमके कशाची साक्ष देते? त्या मुलींच्या गुणांची तर देतेच. पण त्या मुली दहा वर्षांच्या असताना त्यांच्या हाती चेंडू कोणी दिला, याचीही ती साक्ष असते.

१. मुलींसाठी वेगळा खेळ

बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता येईल असा खेळ तयार केला. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ महाविद्यालयातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो मुलींना शिकवायला घेतला. मात्र मुलींनी फार धावू नये, धक्काबुक्की करू नये अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून मैदानाचे तीन भाग पाडण्यात आले. खेळाडूने आपला भाग सोडायचा नाही, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकवायचा नाही, असे नियम झाले.

याच विचारातून पुढे सहा जणींचा खेळ रुजला. तीन मुली मैदानाच्या एका अर्ध्या भागात फक्त चढाई करणार आणि उरलेल्या तीन दुसऱ्या अर्ध्या भागात फक्त बचाव. मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. हा प्रकार फार जुना आहे असे समजू नका. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील शाळांमध्ये तो १९९३ पर्यंत चालू होता आणि प्रेक्षकांची त्याला मोठी गर्दी होत असे. पण त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. शालेय वयात केवळ बचावच केलेल्या मुलीला पूर्ण मैदानावरचा पाच जणींचा आंतरराष्ट्रीय खेळ जवळजवळ नव्याने शिकावा लागे.

२. पहिल्या पाच स्पर्धा

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९५३ मध्ये चिली येथे भरवली. ऑलिंपिकमध्ये महिलांच्या बास्केटबॉलला प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, माँट्रियल येथे. कनिष्ठ गटातील मुलींना आणखी थांबावे लागले. त्यांची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ साली झाली. सुरुवातीच्या पाच स्पर्धांचे विजेते असे :

१९८५, कोलोरॅडो स्प्रिंग्ज : सोव्हिएत संघ
१९८९, बिलबाओ : सोव्हिएत संघ
१९९३, सोल : ऑस्ट्रेलिया
१९९७, नाताल : अमेरिका
२००१, ब्रनो : चेक प्रजासत्ताक

या यादीत एक कोडे आहे. खेळ अमेरिकेत जन्मला, पहिली स्पर्धाही तिथेच झाली. तरी पहिल्या तिन्ही स्पर्धांत अमेरिकेच्या मुलींना एकही पदक मिळाले नाही. असे का व्हावे?

अमेरिकेत मुली खेळत नव्हत्या म्हणून? तसे मुळीच नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करू नये, असे सांगणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये आला. त्याआधी तेथील माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या ३ लाखांच्या आत होती. दहा वर्षांत ती १८ लाखांच्या घरात गेली. वरिष्ठ महिला संघाने तर १९८६ मध्ये थेट मॉस्कोत, जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाला १०८-८८ असे हरवले.

तेव्हा उत्तर संख्येत शोधून चालणार नाही. ते व्यवस्थेत शोधावे लागते. सोव्हिएत संघात मुलांमुलींसाठी खास क्रीडाशाळा होत्या. लहान वयात निवड, वर्षानुवर्षे तोच खेळ, त्याच नियमांनी, अशी ती पद्धत होती. अमेरिकेतील मुलगी आधी आपल्या शाळेची आणि मग विद्यापीठाची खेळाडू असे. राष्ट्रीय कनिष्ठ संघ स्पर्धेपुरता एकत्र येई. गुणी मुली एकत्र आणल्या म्हणजे संघ तयार होतोच असे नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण याला दुजोरा देते. त्या देशाने १९८१ मध्ये कॅनबेरा येथे राष्ट्रीय क्रीडासंस्था उघडली आणि त्याच वर्षी महिलांची राष्ट्रीय बास्केटबॉल लीगही सुरू केली. बारा वर्षांनी कनिष्ठ मुली जगज्जेत्या झाल्या. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये वरिष्ठ महिलांनी कांस्यपदक मिळवले. नाताल येथे उपविजेत्या ठरलेल्या ऑस्ट्रेलियन संघात सोळा वर्षांची लॉरेन जॅक्सन होती. २००६ मध्ये वरिष्ठ जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघातही ती होतीच. कनिष्ठ गटाचे पदक हे पुष्कळदा येणाऱ्या दशकाची आगाऊ बातमी असते, ती अशी.

३. १९९७ नंतरचे चित्र

१९९७ हे वर्ष दोन कारणांनी ध्यानात ठेवा. अमेरिकेच्या मुलींनी पहिले कनिष्ठ विश्वविजेतेपद मिळवले ते याच वर्षी, आणि महिलांच्या व्यावसायिक डब्ल्यूएनबीए लीगचा पहिला हंगामही याच वर्षी झाला. एकामुळे दुसरे घडले असे म्हणता येणार नाही. परंतु तेव्हापासून अमेरिकेतील खेळाडू मुलीला विद्यापीठानंतर आपल्याच देशात पुढची पायरी दिसू लागली.

२००५ पासून स्पर्धा दर चार वर्षांऐवजी दर दोन वर्षांनी होऊ लागली. २००५ ते २०१५ या काळात अमेरिकेने सलग सहा वेळा ती जिंकली. २०१७ मध्ये इटलीतील उदिने येथे रशियाने ८६-८२ असा विजय मिळवून ही मालिका तोडली. त्यानंतर २०१९, २०२१, २०२३ आणि २०२५ अशी चारही अजिंक्यपदे पुन्हा अमेरिकेकडे गेली. आजवरच्या १६ स्पर्धांपैकी ११ तिने जिंकल्या आहेत.

२०२१ मध्ये हंगेरीतील डेब्रेत्सेन येथे सर्वोत्तम खेळाडू ठरली केटलिन क्लार्क. ती कुठली? आयोवाची. मधली रेषा ओलांडण्याची बंदी उठल्यावर नऊ वर्षांनी, २००२ मध्ये तिचा जन्म झाला. मैदानाच्या मध्याजवळून नेम साधणारी खेळाडू म्हणून आज जग तिला ओळखते. नियम बदलला की खेळाडू कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

४. आपल्यासाठी प्रश्न : एकोणीसनंतर काय?

विश्वचषकाची वाट खंडीय स्पर्धांमधून जाते. आशियातील १८ वर्षांखालील मुलींची स्पर्धा २०१८ आणि २०२२ मध्ये बंगळुरूत झाली. तिथे चीन, जपान यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाही खेळतो, कारण बास्केटबॉलच्या खंडीय स्पर्धांत तो आता आशियाबरोबर असतो. पहिल्या चारांत येणे किती अवघड, हे यावरून कळेल.

आपल्याकडे मुली कमी नाहीत. छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीत प्रशिक्षक राजेश पटेल यांनी अनेक वर्षे मुलींचे असे संघ घडवले, की राष्ट्रीय स्पर्धांत त्यांचा दबदबा निर्माण झाला. केरळची गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियातील क्लबकडून खेळली. तामिळनाडूच्या अनिता पॉलदुराई यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारताचे नेतृत्व केले.

पण गीतू आणि अनिता यांच्यात आणखी एक धागा आहे. दोघीही दक्षिण रेल्वेच्या. राष्ट्रीय स्पर्धांतील महिला गटावर भारतीय रेल्वेची छाप दीर्घकाळ राहिली, ती यामुळेच. एकोणिसाव्या वर्षी घरात ‘आता खेळ पुरे’ हे वाक्य येते, तेव्हा क्रीडा कोट्यातील नोकरी हेच मुलीचे उत्तर ठरले. या व्यवस्थेने कित्येक जणींचा खेळ वाचवला, हे मान्य करायलाच हवे. मात्र कोट्यातील जागा मोजक्या असतात. जिला जागा मिळत नाही, तिचे बूट कपाटात जातात. पदकतालिकेत तिची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून ही तालिका वाचताना आपण दोन गोष्टी तपासायच्या. पदकाच्या दहा वर्षे आधी त्या देशाने मुलींसाठी काय केले होते? आणि पदकानंतर त्या मुलींना खेळायला जागा उरली का? सोव्हिएत संघाकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, ऑस्ट्रेलियाने दोन्हींची उत्तरे एकाच वर्षी शोधली, अमेरिकेला दुसरे उत्तर मिळायला पाव शतक लागले.

विचार करा

१. कायदा आणि प्रशिक्षणव्यवस्था यांतील फरक अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
२. सहा जणींच्या खेळाचे नियम मुलींविषयीच्या कोणत्या समजुतींवर आधारलेले होते?
३. तुमच्या शाळेच्या संघात दहावीत असताना खेळणाऱ्या मुलींपैकी आज किती जणी खेळतात? त्यांच्याशी बोला आणि ज्यांनी खेळ सोडला त्यांची कारणे लिहून काढा.