पत्ते संपल्यावर आलेला बीड

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटी पत्ते. सुरुवातीच्या वाटपात अमेरिकेतल्या एकट्या एमआयटीला १ कोटी ६७ लाख मिळाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. ३ फेब्रुवारी २०११ ला जगाचा मोकळा साठा संपला, तेव्हा बीडच्या खेड्यापाड्यांत स्मार्टफोन यायचाच होता.

मग कंपन्यांनी एका पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच टपालपेटी, तसं. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून थेट आत येता येत नाही. अंबाजोगाईत दुकानात लावलेला कॅमेरा परगावाहून बघायचा, तर मध्ये दुसऱ्याचा सर्व्हर लागतो.

२०१६ मध्ये जिओ आलं. कोट्यवधी नव्या फोनना पुरतील इतके जुने पत्ते नव्हतेच, म्हणून आयपीव्ही६ घेतलं. आज त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे. ऊसतोडीला निघालेल्या मजुराच्या फोनला नवा पत्ता असतो, श्रीमंत देशांतली कित्येक कार्यालयं अजून जुन्यावरच आहेत. उशिरा आल्याचा हा फायदा.

पण समोरचं संकेतस्थळ जुन्याच पत्त्यावर असेल, तर हा फोन पुन्हा त्याच सामायिक पेटीतून जातो. म्हणून आता आपण फोनकडे नाही, संकेतस्थळांकडे बघायला हवं.