मायक्रोफोनच्या टिकाऊपणाचा इतिहास

नादाचे माधुर्य आणि यंत्राचा टिकाऊपणा हे दोन गुण एका उपकरणात नांदत नाहीत, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होता. आणि त्या काळचे मायक्रोफोन पाहता तो निराधार होता असे म्हणवत नाही. टेलिफोनातील कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन दणकट खरा, परंतु त्याच्या आवाजात अखंड खरखर मिसळलेली असे. अमेरिकेत वेंट या संशोधकाने १९१६ च्या सुमारास सिद्ध केलेला कंडेन्सर मायक्रोफोन नादाच्या बाबतीत सरस ठरला, पण दमट हवा त्याला सोसत नसे. आर. सी. ए. कंपनीच्या रिबन मायक्रोफोनने १९३० नंतर गायकांच्या कंठाला अपूर्व मार्दव दिले. तथापि त्यातील ॲल्युमिनियमची पट्टी इतकी तलम, की उघड्या मैदानावरील वाऱ्याचा एखादा झोतही तिला कायमची निकामी करी.

सभा आणि जलसे यांच्या बाबतीत आणखी एक संकट होते. कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून वाढत वाढत कर्कश शिट्टी होऊन बसे. एकाच दिशेचा आवाज घेणारी यंत्रे तेव्हाही होती, परंतु त्यासाठी दोन निरनिराळे घटक एका कवचात बसवावे लागत आणि यंत्र बोजड होई. शिकागोच्या शूर कंपनीतील तरुण अभियंता बेंजामिन बाउर यांनी हेच कार्य एका घटकाकडून करून घेतले. नादाने कंप पावणाऱ्या पडद्यामागील वाटा त्यांनी अशा रचल्या, की पाठीमागून येणारा नाद पडद्याच्या दोन्ही अंगांना एकाच क्षणी पोहोचावा आणि परस्परांना निष्फळ करावा. १९३९ मध्ये ‘युनिडाइन’ या नावाने बाजारात आलेल्या या यंत्राने गायकाचा आवाज वेगळा काढून देण्याची किमया साधली.

त्याच कंपनीतील अर्नी सीलर यांनी १९५९ मध्ये या कल्पनेला आटोपशीर रूप दिले, आणि प्रयोगांत शेकडो नमुन्यांची आहुती देऊन त्याची कसून परीक्षा केली. या तपश्चर्येतून १९६५ मध्ये ‘एसएम ५७’ आणि १९६६ मध्ये ‘एसएम ५८’ सिद्ध झाले. दुसऱ्याची गोल जाळी फिरवून काढली असता आत स्पंजाचे अस्तर दिसते. उच्चारातील फूत्कार ते अडवते. त्याखालचा गाभा रबर आणि कोंडलेली हवा यांच्या आधारावर तोललेला असतो. मायक्रोफोन हातातून निसटला, तर प्रथम चेपते ती पोलादी जाळी, आणि ती सुटी विकत मिळते. आघात कोठे झेलावा याची तजवीज कर्त्याने आधीच करून ठेवलेली आहे.

विशेष म्हणजे ही मालिका स्टुडिओसाठी योजली होती. तिला तेथे पुरेसे गिऱ्हाईक लाभेना, तेव्हा १९७० च्या सुमारास ती बंद करण्याचा विचारही झाला. परंतु लास व्हेगासच्या रंगमंचांवरील ध्वनियोजकांनी तिची पारख केली आणि मग ती जगभर पसरली. तिच्याच गोतातील ‘एसएम ७’ हा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणाच्या कामी आला आणि १९८२ च्या ‘थ्रिलर’ या ध्वनिमुद्रिकेत मायकल जॅक्सन यांच्या गायनासाठी वापरला गेला.

आपल्या भाद्रपदातील ओल्या हवेत, मंडपात अथवा कीर्तनाच्या पटांगणात, जेथे उपकरणे दररोज पेटीतून काढली आणि भरली जातात, तेथे असा मायक्रोफोन निवडणे शहाणपणाचे आहे. त्याला स्वतःला वीजही लागत नाही. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यासही तो उपकारक ठरतो, कारण पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा नाद तो फारसा उचलत नाही. मात्र त्याचा क्षीण संकेत वाढवण्यासाठी चांगला प्रीॲम्प्लिफायर हवा. तंबोऱ्याच्या जवारीतील सूक्ष्म स्वरांश टिपायचे असतील, तर बंद आणि शांत खोलीत कंडेन्सरच श्रेष्ठ, हे मान्य केले पाहिजे.

तरीही खरेदी करणाऱ्याने दुकानातील पहिल्या श्रवणावर विसंबू नये. यंत्राचे भाग सुटे मिळतात काय, ते दुरुस्त होते काय, आणि वापरून जुने झाल्यावर त्याचा आवाज पूर्ववत राहतो काय, याची चौकशी आधी करावी. गायकाचा आवाज दहा वर्षांनीही तसाच पोहोचवणे हा नादाचाच गुण आहे, आणि तो कारखान्यातील कठोर परीक्षेतूनच निर्माण होतो.