पंचाहत्तर सेंटांचा हिशेब : सर्व्हर सांभाळण्याच्या विद्येचा इतिहास

१/ सर्व्हर बिघडला की तो सांभाळणारा माणूस काही ठरलेल्या आज्ञा देतो. 'डीएफ' लिहून डिस्कवर जागा किती उरली ते पाहतो, 'हू' लिहून आत कोण आहे ते पाहतो आणि मग लॉग, म्हणजे यंत्राचे दप्तर, उघडतो. आज हे काम बहुतांशी लिनक्सवर चालते. लिनक्सचा जन्म १९९१ चा. या दोन्ही आज्ञा मात्र त्याहून वीस वर्षांनी जुन्या आहेत. सर्व्हरच्या देखभालीतील अनेक सवयींमागे अशीच एखादी जुनी टंचाई, एखादा अपघात किंवा एखादी घुसखोरी आहे. हा धागा त्या घटनांविषयी.

२/ १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्सने 'मल्टिक्स' या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतले. तेथील केन थॉम्पसन यांनी एका जुन्या, फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ यंत्रावर नवी प्रणाली रचण्यास आरंभ केला. डेनिस रिची त्यांच्यासोबत होते. हीच पुढे युनिक्स झाली. १९७१ मध्ये ती पीडीपी-११ यंत्रावर आली. त्याची स्मृती होती २४ किलोबाइट आणि डिस्क ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही त्या डिस्कवर सहसा मावणार नाही.

३/ त्या यंत्रावर पेटंट विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर अर्ज लिहीत आणि त्याच वेळी संशोधक आपले नवे प्रोग्राम तपासत. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या स्मृतीत शिरू नये, अशी कोणतीही आडकाठी यंत्रात नव्हती. एक चूक झाली की सर्वांचेच काम बंद पडे. डिस्क इतकी लहान होती की काही तासांचे टंकलेखन झाले की मजकूर टेपवर उतरवून जागा मोकळी करावी लागे. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत मोकळी जागा सांगणारी 'डीएफ' आणि वापरलेली जागा मोजणारी 'डीयू' या आज्ञा आढळतात, त्या या पार्श्वभूमीवर. सर्व्हर अचानक बंद पडण्यामागे भरलेली डिस्क हे आजही नेहमीचे कारण आहे.

४/ दुसरा प्रश्न विश्वासाचा. १९६० च्या दशकात एमआयटीमधील सीटीएसएस प्रणालीवर एक जण पासवर्डांची फाइल सुधारत होता आणि दुसरा दिवसाची सूचना लिहीत होता. प्रणालीतील दोषामुळे दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो जो यंत्रावर आला, त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड उमटले.

५/ रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या शोधनिबंधात हा प्रसंग नोंदवला आहे. युनिक्सने पासवर्ड मूळ रूपात न ठेवता, ज्यावरून मागे जाता येत नाही अशा सांकेतिक रूपात ठेवण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे व्यवस्थापकालाही फाइल वाचून कोणाचा पासवर्ड कळत नाही. माणसांच्या सवयी मात्र तशाच राहिल्या. दोघांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी २,८३१ फार आखूड, साधे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले.

६/ ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल हे खगोलशास्त्रज्ञ नुकतेच संगणक विभागात आले होते. यंत्राच्या वापराचा हिशेब जुळत नव्हता. तफावत होती ७५ सेंटांची. कोणीही ती रक्कम सोडून दिली असती. स्टोल यांनी शोध घेतला, तेव्हा हिशेबात रीतसर नोंद नसलेले एक खाते सापडले. कोणीतरी बाहेरून येऊन यंत्राचे सर्वाधिकार, म्हणजे 'रूट', मिळवले होते.

७/ यापुढचा निर्णय महत्त्वाचा ठरला. दार तत्काळ बंद केले असते तर घुसखोर निसटला असता. स्टोल यांनी बाहेरून येणाऱ्या तारांना छपाईयंत्रे जोडली आणि घुसखोराची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरवली. यंत्रातली नोंद घुसखोर पुसू शकत होता, कागदावरची नाही. अनेक महिन्यांच्या पाठलागानंतर माग जर्मनीतील हॅनोवरला, मार्कुस हेस याच्यापर्यंत पोहोचला. ही माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीला विकली जात होती. १९९० मध्ये हेस दोषी ठरला.

८/ २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतील अनेक युनिक्स यंत्रे अतिशय संथ झाली. एक प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत यंत्रांमागून यंत्रे व्यापत होता. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते स्वच्छ होई, पण शेजारच्या यंत्रातून थोड्याच वेळात पुन्हा बाधित होई. मूळ कारण न शोधता केलेली दुरुस्ती किती टिकते, याचा तो धडा होता. अनेक ठिकाणी व्यवस्थापकांनी जाळ्याची तारच काढली, तर इतरांनी शोधलेला उपायही त्यांच्यापर्यंत पोहोचेना.

९/ या 'वर्म'च्या शस्त्रांपैकी एक होते ४३२ शब्दांची यादी, पासवर्ड ओळखण्यासाठी. तो लिहिणारा विद्यार्थी होता रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ च्या त्या निबंधाच्या लेखकाचा मुलगा. सांकेतिक पासवर्डांची फाइल तेव्हा कोणालाही वाचता येत असे. पुढील काळात ते पासवर्ड केवळ रूटला वाचता येणाऱ्या वेगळ्या फाइलीत गेले. लिनक्समध्ये तिचे नाव 'शॅडो'.

१०/ अखेरचा प्रसंग फिनलंडचा. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून ऐकत होते. दूरच्या यंत्रावर जाण्यासाठी वापरले जाणारे 'टेलनेट' पासवर्ड उघडाच पाठवत असे, त्यामुळे ते सहज हाती लागले. तेथील संशोधक तातू युलेनेन यांनी त्यावर उपाय म्हणून 'एसएसएच' लिहिले. त्यासाठी त्यांनी २२ क्रमांकाचा पोर्ट मागून घेतला, कारण २१ जुन्या एफटीपीचा होता आणि २३ टेलनेटचा. आज जगभरचे लिनक्स सर्व्हर याच वाटेने सांभाळले जातात.

११/ जागा किती उरली, आत कोण आहे, त्याने काय केले, तो कोणत्या वाटेने आला : सर्व्हर बिघडल्यावर विचारायचे हे प्रश्न या घटनांनी शिकवले. अडचण आली की यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा मोह होतो. परंतु तसे करताच त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी आणि स्मृतीतील सर्व मजकूर नाहीसा होतो. म्हणून अनुभवी व्यवस्थापक आधी नोंदी वाचतो, त्यांची प्रत काढून ठेवतो आणि मगच यंत्राला हात लावतो. दप्तर जाळून इतिहास लिहिता येत नाही. सर्व्हरच्या बिघाडाचे कारणही तसे सापडत नाही.