ठेवावा कीं जाऊं द्यावा ?

अमेरिकेंत बास्केटबॉलचा हंगाम जून महिन्यांत संपतो आणि मग खेळाइतकाच चुरशीचा एक वाद दरसाल तेथील शहरांत सुरू होतो. ज्या खेळाडूचा करार पुरा झाला व जो कोणत्याहि संघाशीं बोलणें करण्यास मोकळा झाला, त्यास आपल्या संघानें पुन्हां ठेवून घ्यावें कीं जाऊं द्यावें, हा तो वाद होय. खेळाडू सामान्य असला तर प्रश्न चार दिवसांत मिटतो. परंतु तो लोकांचा लाडका असला, त्यानें शहरास अजिंक्यपद मिळवून दिलें असलें आणि आतां त्याचें वय तिशीपलीकडे गेलें असलें, म्हणजे घरांघरांत तट पडतात. एक पक्ष म्हणतो, ज्यानें आम्हांस इतकें दिलें त्यास पैशांसाठीं वाटेला लावणें ही कृतघ्नता होय. दुसरा म्हणतो, वेतन उद्यांच्या खेळाचें द्यावयाचें असतें, कालच्या नव्हे. आम्हांस हा वाद केवळ क्रीडेचा वाटत नाहीं. केलेल्या सेवेचें ऋण कोणी, किती व कोणत्या रूपानें फेडावें, हा जुनाच प्रश्न येथें नव्या वेषानें उभा आहे. त्याचा इतिहास पाहिला म्हणजे दोन्ही पक्षांच्या नजरेंतून सुटलेली एक गोष्ट ध्यानांत येते.

हा वाद खेळाइतका जुना मात्र नाहीं. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें पीच फळांच्या टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकून हा खेळ बसविला. धंदेवाईक संघांची आजची संघटना १९४६ सालीं निघाली व १९४९ सालीं तिला नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हें नांव मिळालें. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें ‘ठेवावा कीं जाऊं द्यावा’ हा प्रश्न या रूपानें निघतच नसे. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. त्यानें त्याच संघाकडून खेळावें, नाहीं तर घरीं बसावें, अशी व्यवस्था होती. १८७९ पासून बेसबॉलच्या मालकांनीं खेळाडू ‘राखून’ ठेवण्याची जी रीत पाडली, तिचाच हा वारसा. मालकाला मात्र खेळाडूची अदलाबदल करण्याची पूर्ण मोकळीक असे. म्हणजे निष्ठेची अपेक्षा एकाच बाजूनें होती. आणि ज्याला जातांच येत नाहीं, त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणणें हें शब्दाचा मान कमी करणें होय.

१९६७ सालीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संघटना उभी राहिली व या बांधणीला पहिला तडा गेला. रिक बॅरी हा तरुण खेळाडू सॅन फ्रॅन्सिस्कोचा संघ सोडून शेजारच्या ओकलंडच्या नव्या संघाकडे गेला. पण न्यायालयाच्या निकालामुळें त्यास एक सबंध हंगाम न खेळतां काढावा लागला. पुढें १९७० च्या एप्रिलांत ऑस्कर रॉबर्टसन याच्या पुढाकारानें खेळाडूंनीं मक्तेदारीविरोधी कायद्याखालीं संघटनेवर दावा लावला. त्याच महिन्यांत सिनसिनाटीच्या संघानें या आपल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूस मिलवॉकीच्या स्वाधीन केलें होतें. दहा वर्षें ज्यानें शहर गाजविलें त्याची ही पाठवणी ! दाव्याची तडजोड १९७६ सालीं झाली. परंतु स्वातंत्र्य हप्त्याहप्त्यानें आलें. आरंभीं खेळाडू गेल्यास जुन्या संघास भरपाई मिळे; पुढें तेवढेंच वेतन कबूल करून त्यास अडवून धरण्याचा हक्क जुन्या संघाकडे राहिला. १९८८ सालीं टॉम चेंबर्स हा सिॲटल सोडून फीनिक्सला गेला, तेव्हां पूर्ण मोकळीक मिळालेला पहिला खेळाडू म्हणून त्याचें नांव इतिहासांत राहिलें.

खेळाडूस दार उघडलें खरें. पण त्याच सुमारास दुसरी एक भिंत उभारली गेली. अनेक संघ तोट्यांत असल्यामुळें १९८३ सालीं मालक व खेळाडूंचा संघ यांच्यांत नवा करार झाला आणि प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आली. १९८४-८५ च्या हंगामासाठीं ती ३६ लाख डॉलर होती. याच व्यवस्थेंत एक अपवाद ठेवला गेला : आपलाच जुना खेळाडू परत घेतांना संघास मर्यादा ओलांडतां येईल. बॉस्टनच्या लॅरी बर्ड याचें नांव या अपवादास चिकटलें आहे. प्रेक्षकांचा जीव माणसांत गुंततो, निव्वळ गणवेषांत नव्हे, ही गोष्ट रुक्ष नियमावलीसहि मान्य करावी लागली, हें आम्हांस फार सूचक वाटतें. तथापि अपवादानें अडचण संपली नाहीं. पुढें मर्यादेच्या फार पलीकडे जाणाऱ्या संघांवर जबर कर बसला, आणि बाहेरचा मोठा खेळाडू आणावयाचा तर मर्यादेच्या आंत जागा मोकळी ठेवणें भाग पडूं लागलें.

आतां अलीकडचीं दोन उदाहरणें पाहूं. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास कोबी ब्रायंट यानें २००० ते २०१० या काळांत पांच अजिंक्यपदें मिळवून दिलीं. १२ एप्रिल २०१३ रोजीं त्याच्या घोट्यामागची शीर तुटली. त्या दुखापतीनंतर एकहि सामना खेळण्यापूर्वीं, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, संघानें त्याच्याशीं दोन वर्षांचा ४ कोटी ८५ लाख डॉलरांचा करार केला. त्या हंगामांत तो अवघे सहा सामने खेळूं शकला. नव्या कराराच्या दोन हंगामांत संघानें ८२ पैकीं अनुक्रमें २१ व १७ सामने जिंकले. हें वेतन नव्हतें, वतन होतें. मात्र १३ एप्रिल २०१६ रोजीं आपल्या अखेरच्या सामन्यांत ब्रायंटनें एकट्यानें ६० गुण केले. त्या एका रात्रीसाठीं दोन हंगाम वाया गेले असें कोणी म्हणेल; तेथें हजर असलेला मनुष्य तसें क्वचितच म्हणेल.

मायामीनें उलट वाट धरली. ड्वेन वेड २००३ सालीं त्या संघांत आला व २००६, २०१२ आणि २०१३ अशीं तीन अजिंक्यपदें घेऊन बसला. परंतु त्याची कामगिरी मैदानापुरती नव्हती. २०१० सालीं लेब्रॉन जेम्स व ख्रिस बॉश यांना आणतां यावें म्हणून त्यानें मिळूं शकलें असतें त्याहून कमी वेतन घेतलें. २०१४ सालीं कराराचीं उरलेलीं दोन वर्षें, म्हणजे सुमारें ४ कोटी २० लाख डॉलर, त्यानें सोडून दिले आणि नंतर ३ कोटी १० लाखांवर तो राहिला. २०१६ च्या उन्हाळ्यांत दूरदर्शनच्या नव्या करारामुळें वेतनमर्यादा ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. सर्वत्र पैशांचा पूर आला. मायामीनें हसन व्हाइटसाइड या तरुण खेळाडूस चार वर्षांसाठीं ९ कोटी ८० लाख दिले. चौतीस वर्षांच्या वेडपुढें दोन वर्षांचे सुमारें ४ कोटी ठेवले. तो शिकागोच्या संघाकडे सुमारें ४ कोटी ७० लाखांवर निघून गेला. या वाटाघाटींत आपण जातीनें पडलों नाहीं याची खंत मायामीचे अध्यक्ष पॅट रायली यांनीं पुढें उघड बोलून दाखविली.

पुढचा हंगाम जणूं या वादाचा निवाडा करण्यासाठींच आला. शिकागो आणि मायामी या दोन्ही संघांनीं ४१ सामने जिंकले व ४१ गमावले. समान गुणांत परस्परांमधील सामन्यांच्या आधारें शिकागो बाद फेरींत गेला, मायामी बाहेर राहिला. तरीहि निवाडा झालाच नाहीं. कारण वेड होता म्हणूनच शिकागो पुढें गेला असें सिद्ध करतां येत नाहीं. शिवाय मायामीनें त्या हंगामाच्या उत्तरार्धांत ४१ पैकीं ३० सामने जिंकले होते. त्या भरांत पुढल्या वर्षीं जेम्स जॉन्सन यास ६ कोटींचा व डिऑन वेटर्स यास ५ कोटी २० लाखांचा, असे चार-चार वर्षांचे करार देण्यांत आले. दोघांनाहि मुदतीपूर्वींच दुसरीकडे धाडावें लागलें. म्हणजे तेरा वर्षांच्या आठवणीला जी किंमत नाकारली, त्याहून मोठी किंमत तीन महिन्यांच्या आठवणीला मिळाली ! हिशेबी पक्षहि भावनेपासून मुक्त नसतो. त्याची भावना ताजी असते, इतकेंच.

या इतिहासावरून आम्हांस दोन गोष्टी म्हणावयाच्या आहेत. पहिली ही कीं, कृतज्ञता महाग झाली ती खेळाडूच्या लोभानें नव्हे. वेतनमर्यादेनें ती महाग केली. जुन्या वीरास दिलेला डॉलर मालकाच्या तिजोरींतून जातो, पण त्याचबरोबर संघांतील दुसऱ्या कोणाची तरी जागा खातो. म्हणून ज्यानें तिकिटाचे पैसे भरले तो प्रेक्षकच मालकाची चोपडी उघडून बसतो आणि आपल्या आवडत्या माणसाचें मोल करूं लागतो. खेळाडू गेला तर तो कृतघ्न, संघानें घालविला तर तो दूरदर्शी, ही भाषा जुन्या बांधणीच्या काळांतली आहे. ती आतां सोडावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, आठवण आणि कर्ज हीं एक नव्हेत. केवळ आठवणीपोटीं वेतन द्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. तिच्यासाठीं मानाचीं दुसरीं साधनें आहेत. परंतु संघाच्या सोयीसाठीं ज्यानें आपल्या हक्काच्या वेतनांत सूट दिली, त्याची ती सूट हें कर्ज आहे आणि कर्ज नाण्यानेंच फेडावयाचें असतें. ब्रायंटचा करार ही देणगी होती. ती देणें न देणें हा मालकाच्या मर्जीचा भाग. वेडचें येणें होतें.

फेब्रुवारी २०१८ मध्यें वेड मायामीस परत आला व २०१९ सालीं तेथेंच त्यानें खेळ संपविला. २०२० सालीं त्याचा तीन हा अंक संघानें कायमचा राखून ठेवला आणि २०२४ सालीं क्रीडागृहाबाहेर त्याचा पुतळा उभा केला. मान पुरेपूर मिळाला. शहराच्या मनांत किल्मिष उरलें नाहीं. पण त्या उन्हाळ्यांत ज्यांनीं ‘ठेवावा’ असें म्हटलें त्यांना भाबडे ठरविण्याचें कारण नाहीं. ते आठवणीसाठीं दान मागत नव्हते. संघाच्याच वहींत लिहिलेली एक जुनी बाकी ते दाखवीत होते.