घाटाखाली पाठवा

शिवाजी महाराजांचं २३ ऑक्टोबर १६६२ चं एक पत्र आहे, कारीचे देशमुख सर्जेराव जेधे यांना लिहिलेलं. शाहिस्तेखान तेव्हा पुण्यात ठाण मांडून बसला होता आणि मोगलांचं घोडदळ मावळात धावणी करत होतं. पत्राचा आशय असा : मोगल तुमच्या भागात येताहेत अशी जासुदांची खबर आहे. रोखा मिळताच गावोगाव फिरा, लेकराबाळांसकट सगळी रयत घाटाखाली अवघड जागी पाठवा, रात्रीचा दिवस करा. शेतं राखायला जे मागे राहतील त्यांनी डोंगरावर राहावं आणि गनीम लांबून दिसताच त्याची वाट चुकवून पळून जावं. यात हयगय झाली आणि माणसं कैदेत सापडली, तर ते पाप तुमच्या माथी.

माझी सगळी नोकरी महाड-पोलादपूरच्या डोंगरात तलाठी म्हणून गेली. दरडीच्या भीतीने घरं सोडायच्या नोटिसा मी दर पावसाळ्यात वाटल्या आहेत, ‘मिळाली’ म्हणून अंगठे आणि सह्या घेतल्या आहेत. त्यामुळे हे पत्र मी इतिहास म्हणून वाचत नाही, कागद म्हणून वाचतो. कोणी हलायचं, कुठे हलायचं, किती वेळात आणि चुकलं तर जबाबदार कोण, सगळं त्यात आहे. शिवाय आमच्या नोटिशीत कधीच नसायची अशी एक गोष्ट आहे : कोणीतरी मागे राहणारच, हे त्यात गृहीत धरलंय. तारीख बघा. ऑक्टोबर संपत आलाय, हळवं भात कापणीला आलंय, नाचणी उभी आहे. अशा दिवसांत शेतकऱ्याला सगळं टाकून निघ म्हटलं तर तो मान हलवतो आणि रात्री परत येतो. आमच्याकडे तर दरडीखालच्या घरात गुरांना पाणी पाजायला म्हणून लोक परत गेलेले मी पाहिलेत. ज्याने ते पत्र लिहवून घेतलं त्याला रयत माहीत होती.

आता ‘घाटाखाली’ म्हणजे कुठे? कारी रोहिडखोऱ्यात, आजच्या भोर तालुक्यात. तिथून पश्चिमेला कड्यावर आलं की खाली वरंध, शिवथर, बिरवाडी आणि पुढे महाड. म्हणजे आम्ही. वरच्या मावळात युद्ध असायचं तेव्हा आमची खोरी ही आडोशाची जागा होती. वरंधा, मढे, ढवळे, पार अशा घाटवाटा आणि त्यांच्या मधल्या कितीतरी निसण्या आणि नाळी. घोडेस्वाराला यातल्या बहुतेक वाटा निरुपयोगी. बाईला कडेवर मूल घेऊन मात्र उतरता येतात, कारण ती त्याच वाटेने माहेरी जात-येत असते. घाटावरच्या आणि घाटाखालच्या सोयरिकी आजही चालतात. त्या वेळी आलेल्या माणसांना इथल्यांनी काय खाऊ घातलं याचा कागद नाही, पण कोणाच्या पडवीत ती राहिली असतील हे मी सांगू शकतो : मुलीच्या सासरी, मामाच्या घरी, आत्याच्या वाडीवर.

मढे घाटाचं नावच तानाजी मालुसऱ्यांचं मढं त्या वाटेने उमरठला आणलं म्हणून पडलं असं आमच्याकडे सांगतात. उमरठ पोलादपूर तालुक्यात. तिथे समाधीला गाड्या भरून माणसं येतात आणि यायलाच हवीत. पोलादपुरात ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, तिथे मात्र फारसं कोणी थांबत नाही. आमच्या तालुक्यातून लढाईचा इतिहास वजा केला तर लोकांना काही उरत नाही असं वाटतं. मला तर उरलेलंच जास्त दिसतं.

आमची खोरी ही कायमची शिवेवरची जमीन. १६५६ पर्यंत जावळीच्या मोऱ्यांची सत्ता, मोरे आदिलशाहीचे. त्या वर्षी महाराजांनी जावळी घेतली आणि रायरीही. तिचाच रायगड झाला. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखानाचं सैन्य पारला येऊन बसलं. प्रतापगडाची भेट सगळ्यांना पाठ आहे. मला पडणारा प्रश्न वेगळा : त्या घोड्यांना, उंटांना, हत्तींना वैरण कुठून आली? आमच्याकडे वरकस जमीन, भाताचा पेंढा तोच गुरांचा वर्षभराचा चारा. फौज आपली असो की परक्याची, जनावर पेंढाच खातं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र याच भीतीचं आहे : रयतेकडून दाणे-गवत-भाजी हिसकू नका, नाहीतर लोकांना मोगल परवडले असं वाटेल.

समुद्राच्या बाजूला तर शत्रू कायमचाच. जंजिऱ्याचा सिद्दी. बखरकार सभासदाने त्याला घरातल्या उंदराची उपमा दिली आहे आणि ती ज्याच्या कणगीला भोक पडलंय त्यालाच पुरती कळेल. सिद्दीच्या धाडी पिकासाठी असत तशा माणसांसाठीही असत. बायका-मुलं धरून नेऊन विकली जात. सावित्रीच्या खाडीने होड्या थेट महाडपर्यंत येत. मीठ-मासळी याच वाटेने येई आणि बैलांच्या पाठीवरून पार घाटाने वर वाईकडे जाई. म्हणजे धंद्याची वाट तीच धाडीची वाट. ती बंद करून चालत नसे. सांभाळत बसावं लागे.

आणि मग युद्ध शेजारचं राहिलं नाही. एप्रिल १६८९ मध्ये राजाराम महाराज रायगडावरून प्रतापगडाकडे निसटले, नोव्हेंबरात गड मोगलांकडे गेला आणि पुढे सिद्दीच्या ताब्यात आला. थेट १७३३ पर्यंत. चव्वेचाळीस वर्षं! जन्मलेलं पोर आजोबा होतं तेवढ्यात. या काळावर कोणी पोवाडा गात नाही. पण पाचाड, बिरवाडी, नाते या बाजूच्या कुणब्याच्या दृष्टीने हाच काळ मोठा. गडावर एक सत्ता, वरच्या खोऱ्यात दुसरी, दोघीही आपला वसूल मागणार. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांनी सिद्दी सातला मारलं आणि त्या सुमारास झालेल्या तहांत जंजिऱ्याच्या कित्येक महालांचा वसूल सिद्दी आणि मराठे यांच्यात निम्मा-निम्मा ठरला. याला दुअमल म्हणत. ऐकायला तोडगा सरळ वाटतो. वसुलाचं काम केलेल्या माणसाला विचारा. एका गावात दोन कारकून, दोन मापं, दोन शिपाई आणि दोघांच्या जेवणाखाण्याचा भार गावावर. निम्मा वसूल म्हणजे निम्मा त्रास असं कधीच होत नाही.

रयतेजवळ यावर एकच हत्यार होतं, गाव सोडून जायचं. जुन्या कागदात त्याला परागंदा होणं म्हणतात. जमीन पड पडली की दोन्ही कारकुनांचे हात रिकामे. म्हणून सरकारला माणसांच्या मागे जावं लागे. त्याची पद्धत ठरलेली : कौल द्यायचा, म्हणजे अभय आणि लेखी शब्द. मग इस्तावा. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असं करत काही वर्षांनी पूर्ण दरावर यायचं. महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ ला प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र मला याबाबतीत फार मोलाचं वाटतं. गावोगाव जा, कुणबी गोळा करा, ज्याला शेत कसायचं बळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी रोख पैसे द्या, पोटाला दाणे द्या, वाढीदिढी, म्हणजे व्याज, न लावता मुद्दल सवडीने घ्या. यापायी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असंही त्यात आहे. आमच्या वेळी अतिवृष्टीच्या अनुदानाला लागणाऱ्या कागदांची यादी आठवली की मी हे पत्र पुन्हा वाचतो.

दुअमल कमी होती म्हणून की काय, १७५६ च्या तहाने बाणकोट आणि त्याबरोबर दासगाव इंग्रजांकडे गेलं. दासगाव महाडहून दोन-अडीच कोस. म्हणजे महाडचा व्यापारी सकाळी पेशव्यांच्या हद्दीतून निघाला तर जेवायच्या आत इंग्रजांच्या हद्दीत आणि खाडीपलीकडे सिद्दीचा मुलूख. तीन राज्यं, तीन जकाती. पुण्यात काही बिघडलं की मोठी माणसं आमच्याकडे पळून येत. १७९६ मध्ये नाना फडणीस महाडला राहून फौज जमवत होते, निजामाशी त्यांचा तहही महाडलाच झाला. १८०२ च्या ऑक्टोबरात होळकरांनी हडपसरला पेशव्यांना धूळ चारल्यावर दुसरा बाजीराव महाडकडे आला, तिथून सुवर्णदुर्ग आणि मग इंग्रज जहाजाने वसई. पेशवा पळाला की त्याच्यामागे त्याची माणसं, त्यांच्यामागे होळकरांची माणसं. पळणारे आणि पाठलाग करणारे, दोघांनाही तांदूळ महाडच्या बाजारातूनच लागणार.

घाटाखालचा आडोसा कैद्यांनाही चालला. १८१७ च्या पेशवे-इंग्रज युद्धात पकडलेल्या हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना आधी कांगोरी किल्ल्यावर ठेवलं होतं. पुढे त्यांना वासोट्यावर हलवलं. मे १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी प्रॉथरच्या तोफांनी रायगडावरचे वाडे जळले आणि आमच्या बाजूची लढाई संपली.

गाव सोडायची वेळ मात्र दुसरीकडे अजून येते. माझा पुतण्या फौजेत आहे. मे २०२५ मध्ये पूंछवर पाकिस्तानी तोफा पडत होत्या तेव्हा तिकडची माणसं गाव सोडून निघाली. तो फोनवर म्हणाला, “काका, म्हातारे निघत नव्हते. गाई आहेत म्हणत होते.” मी त्याला जेध्यांच्या पत्राबद्दल सांगितलं. तो हसला नाही. “मग त्यांनी वर डोंगरावर राहायला सांगितलं ते बरोबरच,” एवढंच म्हणाला.

आमच्याकडे १८१८ नंतर पेशव्यांचा मुलूख इंग्रजांचा झाला, दासगावची शीव त्यात विरघळली. जंजिऱ्याची शीव मात्र राहिली, कारण सिद्दी नवाबाचं संस्थान इंग्रजांनी ठेवलं. महाडच्या माणसाला म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला जायचं तर तो दुसऱ्या राज्यात जाई. ती हद्द आणखी एकशे तीस वर्षं टिकली. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं आणि म्हसळा, श्रीवर्धन, मुरुड कुलाबा जिल्ह्यात आले. त्यानंतर तिथल्या जमिनींचा साराही आमच्याच जिल्हा कचेरीच्या हिशेबात जमा होऊ लागला.