पूर्वसूचक-अध्ययन
एखाद्या घटनेपूर्वी जाणवणाऱ्या खुणांवरून त्या घटनेची अपेक्षा करण्यास मनुष्य व इतर प्राणी अनुभवाने शिकतात. या प्रक्रियेस पूर्वसूचक-अध्ययन म्हणता येईल. ढगांवरून पावसाचा आणि लक्षणांवरून रोगाचा अंदाज बांधणे, ही तिची नेहमीची उदाहरणे होत.

धुरावरून अग्नीचे अनुमान करण्यास त्या दोहोंतील व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, आधी ज्ञात असावे लागते, असे न्यायदर्शन मानते. वारंवार दर्शनाने अशी व्याप्ती खरोखर सिद्ध होते काय, असा चार्वाकांचा आक्षेप होता. तो वाद मुख्यतः प्रमाणशास्त्राचा होता. मनाच्या सवयीचा प्रश्न डेव्हिड ह्यूम (१७११–७६) यांनी पुढे आणला : दोन घटना सतत एकापाठोपाठ अनुभवल्या, की पहिलीवरून मन आपोआप दुसरीकडे वळते. इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांनी या मतास बळकटी आली. अन्नापूर्वी तालमापकाचा आवाज वारंवार ऐकविल्यास पुढे केवळ आवाजानेही कुत्र्यास लाळ सुटते. साहचर्य जुळण्यास सान्निध्य व पुनरावृत्ती पुरेशी असतात, हे मत त्यानंतर बहुतेकांनी ग्राह्य धरले.

या मतास मोठा धक्का दिला तो लीऑन केमिन यांच्या १९६८–६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी. उंदरांना प्रथम एका आवाजानंतर विजेचा धक्का देण्यात आला. घाबरलेला उंदीर अन्नासाठी दांडी दाबण्याचे थांबवितो. त्यावरून भीती मोजली जाई. नंतर आवाज व प्रकाश एकत्र योजून पूर्वीप्रमाणेच धक्का दिला गेला. प्रकाश व धक्का यांचे सान्निध्य अनेकदा घडूनही एकट्या प्रकाशाने उंदीर फारसे भ्याले नाहीत. धक्क्याची सूचना आवाजाने आधीच मिळत असल्याने प्रकाशात नवे काही नव्हते. दुसऱ्या टप्प्यात धक्का अधिक तीव्र केल्यावर मात्र प्रकाशाचीही भीती निर्माण झाली. अनपेक्षिताशिवाय अध्ययन नाही, असा याचा अर्थ लावण्यात आला. रॉबर्ट रेस्कोर्ला व ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये त्यास गणिती रूप दिले : उपस्थित सर्व सूचकांनी मिळून केलेली अपेक्षा व प्रत्यक्ष परिणाम यांतील तफावतीच्या प्रमाणात संबंध बदलतात. परिणामाविना पूर्वी वारंवार अनुभवलेला उद्दीपक सूचक म्हणून सावकाश का शिकला जातो, याचा उलगडा या सूत्राने होत नाही. तरीही पुढील संशोधनावर त्याचा प्रभाव फार मोठा आहे. अशाच तफावतीला मेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या तंत्रिकाकोशिका प्रतिसाद देतात, असे माकडांवरील प्रयोगांच्या आधारे १९९७ मध्ये मांडण्यात आले.

परिणाम कळला नाही, तर ही दुरुस्ती होऊ शकत नाही. मक्याच्या कणसांच्या प्रदर्शनांचे जुने उदाहरण येथे उद्बोधक आहे. अमेरिकेत अनुभवी परीक्षक रूपावरून कणसांना गुण देत. त्यांच्या निवाड्यांचे हेन्री वॉलेस यांनी १९२३ मध्ये सांख्यिकीय विश्लेषण केले, तेव्हा परीक्षक कणसाच्या लांबीस विशेष महत्त्व देतात, पण त्यांच्या गुणांचा प्रत्यक्ष उत्पन्नाशी संबंध क्षीणच आहे, असे आढळले. बी पेरून उत्पन्न मोजणे हा परीक्षणाचा भागच नव्हता.

मनुष्यातील या अध्ययनाच्या अभ्यासासाठी बार्बारा नोल्टन, लॅरी स्क्वायर व मार्क ग्लक यांनी १९९४ मध्ये एक खेळ योजला. भौमितिक आकृत्यांच्या पत्त्यांवरून पाऊस की ऊन, हे सांगावयाचे. कोणताही पत्ता पूर्णतः विश्वसनीय नसे. स्मृतिलोपाचे रुग्ण आरंभी निरोगी व्यक्तींइतकेच शिकले. १९९६ च्या अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांना प्रयोगातील तपशील आठवत, परंतु भाकीत साधत नसे. हे अध्ययन जाणिवेविना, सवयीच्या यंत्रणेतून होते, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र वादग्रस्त ठरला. अनेक व्यक्ती एखाद्याच पत्त्यावर भिस्त ठेवण्यासारख्या सोप्या युक्त्या वापरतात, असे २००२ मध्ये ग्लक व त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिले.