हिस्लप यांचीं टिपणें व गोंडांचें लिंगोगीत

स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील जुनीं लोकगीतें सर वॉल्टर स्कॉट यांनीं १८०२-०३ सालीं छापून काढलीं. अशा गीतांचा अभिमान देशोदेशीं पसरलेले स्कॉटिश लोक अद्यापि बाळगतात. त्याच सरहद्दीवरील डन्स गांवीं १८१७ सालीं जन्मलेले पाद्री स्टीफन हिस्लप १८४५ सालीं नागपुरास आले. धर्मप्रचार हा त्यांचा उद्देश खरा. तथापि गोंडांचें पूर्ववृत्त त्यांच्याच गीतांतून शोधावें, हें त्यांनीं जाणलें. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. अशा एका परधानाच्या मुखांतून त्यांनीं लिंगोचें दीर्घ गीत गोंडी भाषेंत उतरवून घेतलें. महादेवानें गुहेंत कोंडलेल्या गोंडांस लिंगोनें मुक्त करून त्यांच्या कुळांची व्यवस्था लाविली, ही त्यांतील कथा.

४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लप ओढ्याच्या पुरांत बुडाले. मागें राहिलेलीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं, म्हणून तें गीत वांचलें.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. १९८२ सालीं त्या जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या गडचिरोलींतहि गोंडवस्ती मोठी आहे. तेथील कोट व समाध्या आपण पाहतों, सनदा जमवितों. परंतु परधानाची स्मृति हीहि एक पोथीच होय. कागदाची दुसरी प्रत क्वचित् सांपडते; गाणाऱ्यामागें ती आशाहि उरत नाहीं. यास्तव संग्राहकांनीं गाणाऱ्याचें नांव, गांव व तिथि यांसह ही पोथी आधीं उतरून घ्यावी.